चमेलीची हनुवटी

मॅडमची काठी फरशीवर टेकली, टक् असा आवाज झाला, आणि पिंजऱ्यात अंग टाकून पडलेली चमेली अस्वलीण धडपडत मागच्या दोन पायांवर उभी राहिली. पुढचे पंजे तिनं छातीशी धरले आणि ती डोलायला लागली. डावीकडे, उजवीकडे, मग एक गिरकी. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. पुरे म्हणेपर्यंत थांबायचं नाही, हे तिला लहानपणी शिकवलेलं होतं आणि पुरे म्हणणारा तिचा दरवेशी आता इथं नव्हता.

"बघा, तुमचं स्वागतच करतेय," देशकर सर हसत म्हणाले. सुटका केलेल्या जनावरांच्या आमच्या त्या केंद्राचे ते संचालक.

मॅडम हसल्या नाहीत. थोडा वेळ त्यांनी चमेलीकडं पाहिलं, मग हातातली काठी चमेलीची देखभाल करणाऱ्या शेषरावकडं दिली. "ही फाटकाबाहेर ठेवून या. मी येईन तेव्हा रोज तिथंच राहील."

"पण मॅडम, तुमचे गुडघे..." मी म्हणाले.

"गुडघ्यांचं माझं मी बघते, अर्पिता. भिंत आहे ना धरायला."

भंडाऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर, जंगलाला लागून आमचं केंद्र होतं. पशुवैद्यकाची पदवी घेतल्यावरची माझी ती पहिली नोकरी. चमेली ही अस्वलीण पोलिसांनी एका दरवेश्याकडून सोडवून आणलेली. नाकाला वेसणीचं भोक, वरचे सुळे उपटलेले, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड-अंधार एवढंच तिला कळायचं. ऑपरेशन केलं तर दिसेल, असं पुण्याच्या डॉ. सबनीसांनी तपासून सांगितलं होतं. जनावरांच्या डोळ्यांचे ते नावाजलेले सर्जन. उन्हाळ्याआधी एकदा येऊन ऑपरेशन करून जायला तयार होते. पण त्यांची एक अट होती. ऑपरेशननंतर महिनाभर, दिवसातून अनेकदा डोळ्यांत औषधाचे थेंब पडले पाहिजेत. नाही पडले तर डोळे सडतील, आणि मग आहे तो उजेडही जाईल.

अस्वलाच्या डोळ्यात थेंब घालायचा कसा? रोज गुंगीचं इंजेक्शन देता येत नाही. राहिला दाबपिंजरा. त्याची एक भिंत सरकत येते आणि जनावराला दुसऱ्या भिंतीशी दाबून धरते. आम्ही तो एकदा वापरून पाहिला होता. चमेलीनं गजांवर कपाळ आपटून रक्त काढलं, आणि नंतर कित्येक दिवस अन्नाला तोंड लावलं नाही.

तेव्हा माझ्या एका मैत्रिणीनं शशिकला दंढारे मॅडमचं नाव सांगितलं. नागपूरच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर मानसशास्त्र शिकवलं होतं, त्यातही प्राणी शिकतात कसे, हा त्यांचा खास विषय. निवृत्त होऊन भंडाऱ्याला भावाकडं राहत होत्या. मी फोन केला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तिला पळून जायला जागा आहे का?"

मला वाटलं, त्या पिंजऱ्याच्या मजबुतीबद्दल विचारताहेत. "नाही मॅडम, अगदी पक्का पिंजरा आहे," मी अभिमानानं सांगितलं.

"मग आधी ती जागा करावी लागेल," त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी काठी बाहेर गेल्यावर त्या भिंतीला धरून धरून पिंजऱ्यापाशी आल्या आणि स्टुलावर बसल्या. चमेली नाचतच होती.

"नाच छान येतो तिला," देशकर सर म्हणाले. "लोक येतात तेव्हा फार खूश होतात."

"तिला नाच येत नाही, देशकर," मॅडम म्हणाल्या. "तिला मार चुकवता येतो."

मग त्या माझ्याकडं वळल्या. "काठी वाजली की नाचायचं, म्हणजे मार बसत नाही. हे ती शिकलीय. मार बसत नाही म्हणजे शिकलेलं बरोबर ठरतं. रोज बरोबर ठरतं. मारणारा गेला, काठी गेली, तरी हिला ते कळायचं कसं? एकदा न नाचता राहून पाहिलं तर कळेल. पण ती जोखीम ती घेणार नाही. तू घेशील का तिच्या जागी?"

त्या दिवशी आम्ही काहीच केलं नाही. बसून राहिलो. बऱ्याच वेळानं चमेली थकली आणि तिचे पुढचे पंजे जमिनीला टेकले. त्याच क्षणी मॅडम मोठ्यानं "हां!" म्हणाल्या आणि गजांमधून मधानं भरलेली पळी आत गेली. चमेली दचकली. मग नाक पुढं काढून तिनं पळी चाटली.

"हां म्हणजे मध," मॅडम म्हणाल्या. "आणि चार पायांवर उभं राहिलं की हां. बस, एवढंच आज. घरी चला."

पुढचे दिवस सोपे नव्हते. शेषराव मडावी हा मोठा मायाळू माणूस. चमेली नाचायला लागली की तो पोळी द्यायचा. मॅडमनी त्याला ते बंद करायला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला.

"नाचते तं भूकच लागली असन जी तिले," तो म्हणाला. "माह्या डोयापुढं उपाशी नाचन, अन मी पाहत राहू काय?"

"उपाशी ठेवायचं नाही तिला, शेषराव. उलट तुमच्याच हातून सगळं जेवण द्यायचं. फक्त ती चार पायांवर असताना. नाचत असताना दिलंत तर तिला वाटेल, नाचले म्हणून मिळालं. मग आयुष्यभर नाचत राहील बिचारी."

शेषरावनं मान हलवली. पण पोळी थांबल्यावर चमेलीचा नाच कमी व्हायच्या ऐवजी वाढला. ती तासन्‌तास डोलायची, गुरगुरायची, गिरक्या घेता घेता गजांवर आदळायची. देशकर सर पाहायला आले आणि कपाळाला हात लावून गेले. शेषराव तिकडं पाठ करून बसायचा. मलाही वाटलं, चुकलं आपलं.

"नेहमी मिळत होतं ते मिळेनासं झालं की आपणही जोरात दार वाजवतो की नाही?" मॅडम म्हणाल्या. "वाजवू दे. आत कुणी नाही हे कळलं की थांबेल."

आणि खरंच थांबली. एका सकाळी शेषरावच्या हातातून बादली निसटली, केवढा तरी आवाज झाला, चमेली ताडकन उठली, पुढचे पंजे उचलले, आणि मग तिनं ते परत खाली ठेवले. उभी राहिली चार पायांवर, नाक आमच्याकडं करून.

"हां!" आम्ही तिघंही एकदमच ओरडलो. त्या दिवशी पळीला हिशोब राहिला नाही.

त्यानंतर कामाला वेग आला. शेषरावनं गजांमध्ये एक चौकोनी झरोका केला आणि त्याच्या खाली लाकडाची फळी बसवली. चमेलीनं त्या फळीवर हनुवटी टेकून स्थिर राहायचं, हे आम्हाला हवं होतं. पण एकदम नाही. आधी ती झरोक्याकडं नुसती वळली तरी "हां". मग जवळ आली तर. मग फळीला नाक लागलं तर. मग हनुवटी टेकली तर, मग टेकलेली राहिली तर. मी हात हळूहळू जवळ न्यायला शिकले, आधी कपाळावर, मग भुवईवर, मग पापणीवर. शेवटी साध्या पाण्याचा थेंब.

मॅडमचा एक नियम मात्र पक्का होता. झरोक्यापासून मागं जायचा रस्ता मोकळा हवा. चमेलीनं हनुवटी उचलली की आपण हात मागं घ्यायचा. रागवायचं नाही, बोलवायचं नाही, मधाचं आमिष पुढं करून ओढायचं नाही.

"पण मग ती येईल कशावरून?" मी विचारायची.

"येईल किंवा नाही येणार. तेच तर पाहायचंय."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी देशकर सर स्वतः पाहायला आले. डॉ. सबनीस संध्याकाळी पोचणार होते. थेंब घालता येतात हे दाखवलं तरच ऑपरेशन, असं सरांनी बजावलं होतं, आणि त्यांचंही चूक नव्हतं. मी तयारीनं आले होते. पाण्याऐवजी त्या दिवशी खरं औषध घेतलं होतं.

चमेली आली. हनुवटी फळीवर ठेवली. मॅडम स्टुलावर, शेषराव पळी घेऊन उभा. मी पापणी उचलली आणि एक थेंब सोडला.

चमेलीनं फुसकारा टाकला. हनुवटी उचलली, वळली आणि सरळ पिंजऱ्याच्या पार टोकाला निघून गेली. आमच्याकडं पाठ करून बसली आणि पंजा तोंडात घालून चोखायला लागली. अस्वलं पंजा चोखतात तेव्हा घशातून गुणगुणल्यासारखा आवाज येतो. तेवढाच आवाज येत होता.

मी बाटलीला झाकण लावलं.

"झालं," देशकर सर मला म्हणाले. "डॉक्टर, मी आधीच सांगत होतो. शेषराव, दाबपिंजरा आणा. दाबपिंजऱ्यात जमत असेल तर उद्या ऑपरेशन करू, नाहीतर सबनीसांना तसं सांगून टाकू."

मी मॅडमकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"पाहिलंत?" त्या म्हणाल्या. "देशकर, पाहिलंत ना? ती नाही म्हणाली."

"तेच तर म्हणतोय मी, मॅडम!"

"अहो, आजवर तिला नको असलेली गोष्ट झाली की ती काय करायची? नाचायची. आज नको होतं, तर ती उठून गेली. नाचली नाही. जन्मात पहिल्यांदा ती कुणाला तरी नाही म्हणाली असेल." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आता तुम्ही तिला दाबून धरलंत, तर नाही म्हटल्याची शिक्षा मिळते एवढंच तिला कळेल. मग ती पुन्हा झरोक्याशी येणार नाही. कधीच."

"आणि आज आलीच नाही तर?"

"तर ऑपरेशन नको."

देशकर सर माझ्याकडं वळले. "डॉक्टर तुम्ही आहात. बोला, काय करायचं?"

तेवीस-चोवीस वर्षांची पोर मी. आजवर माझ्या घरात, शाळेत, कॉलेजात ज्यांनी ज्यांनी मला शिकवलं होतं, त्यांच्यापुढं मी कधी नाही म्हटलं नव्हतं.

"दाबपिंजरा नको, सर," मी म्हणाले. "संध्याकाळपर्यंत थांबू."

सर ऑफिसकडं निघून गेले.

"तिनं नाही का म्हटलं असेल?" मॅडमनी विचारलं. रागानं नाही, खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं. "काय वेगळं होतं आज?"

"औषध होतं. पण ते झोंबत नाही, मॅडम. आणलं तेव्हाच मी माझ्या डोळ्यात घालून पाहिलंय."

"आण बरं इकडं." त्यांनी तळवा पुढं केला. "घाल थेंब."

मी थेंब टाकला. त्यांनी हात झटकला. "बर्फ आहे हा! कुठं ठेवली होतीस?"

फ्रीजमध्ये. औषध टिकावं म्हणून फ्रीजमध्ये. इतके दिवस आम्ही घातलेलं पाणी माठाजवळच्या तांब्यातलं असायचं, कोमट. आणि आज मी आंधळ्या जनावराच्या डोळ्यात न सांगता बर्फासारखा थेंब टाकला होता.

"बघ," मॅडम हळूच म्हणाल्या. "तिनं सांगितलं म्हणून कळलं आपल्याला."

मी बाटली मुठीत धरली आणि खाली जमिनीवरच बसले. आम्ही वाट पाहिली. कुणी चमेलीला हाक मारली नाही. शेषरावनं चहा आणला, तो कपातच निवून गेला. उन्हाचा पट्टा पिंजऱ्याच्या एका बाजूनं सरकत दुसऱ्या बाजूला गेला. चमेलीचं गुणगुणणं थांबलं. तिला झोप लागली असावी. शेषराव तोंडातल्या तोंडात देवाचं काहीतरी म्हणत होता.

मग ती उठली. अंग झटकलं. नाक जमिनीशी धरून, वास घेत घेत, मध्येच थांबत ती आली. झरोक्यापाशी बराच वेळ नुसती उभी राहिली. तिचा श्वास माझ्या मनगटावर लागत होता. मी हात हलवला नाही.

चमेलीनं फळीवर हनुवटी ठेवली.

मी पापणी उचलली, थेंब सोडला. तिनं डोळा मिटला, उघडला. हनुवटी तिथंच.

"हां," मॅडम म्हणाल्या. शेषरावनं पळी पुढं केली तेव्हा अर्धा मध त्याच्या बाहीवर सांडला होता.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डॉ. सबनीस आत होते, मी काही वेळ त्यांच्या मदतीला होते, मग त्यांनी मला जरा मोकळ्या हवेत पाठवलं. बाहेर बाकावर मॅडम बसल्या होत्या. मी शेजारी बसले.

"मॅडम, काल तुम्हाला रडू आलं," मी म्हणाले.

"मी पीएचडी उंदरांवर केली," त्या म्हणाल्या. "पिंजऱ्याच्या तळाला तारा असायच्या. दिवा लागला की थोड्या वेळानं तारांमधून करंट. उंदीर उडी मारून दुसऱ्या कप्प्यात गेला तर वाचायचा. भराभर शिकले. मग मी करंट बंद केला. कायमचा. पण दिवा लागला की ते उड्या मारतच राहिले. दिवसामागून दिवस. करंट नाहीये हे त्यांना कळायला मार्गच नव्हता ना. आलेख फार सुंदर आला. सगळ्यांनी नावाजलं." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "पुढं काय झालं त्यांचं, ते मी पाहिलं नाही. माझं काम झालं होतं. तीस वर्षं पोरांना तो आलेख फळ्यावर काढून दाखवला. आणि दर वेळी मनात यायचं, यातल्या एकाला तरी थांबवायला हवं होतं आपण. त्याच्याजवळ बसून."

आतून डॉ. सबनीसांनी हाक मारली. मी उठले. मॅडमनी माझा हात क्षणभर धरून ठेवला आणि सोडला.

खरी परीक्षा त्यानंतरची होती. गुंगी उतरल्यावर चमेलीचे डोळे सुजले होते, पाणी गळत होतं, दुखत तर असणारच. मी बाटली मुठीत कोमट केली, झरोका उघडला आणि वाट पाहिली. ती आली. फळी चुकली, पुन्हा चाचपली, आणि हनुवटी टेकली. महिनाभर ती येत राहिली. दोनदा-तीनदा नाही म्हणून निघूनही गेली. आम्ही थांबलो. दर वेळी ती परत आली.

या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली. पुढं मी किती जनावरांवर उपचार केले, किती पोरांना हे काम शिकवलं, त्याची गणती नाही. माझी मुलगी लहानपणी एखाद्या गोष्टीला नको म्हणून पाय आपटायची, तेव्हा माझा हात उठायच्या आधी मी विचारायची, काय वेगळं आहे आज? बहुतेक वेळा काहीतरी असायचंच. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. मॅडम त्या वर्षी रोज एसटीनं यायच्या, भिंत धरून चालायच्या, संध्याकाळच्या गाडीनं परत जायच्या. कुणी काही देतं म्हणून नाही. त्या गेल्या तेव्हा मी परगावी होते. त्यांना मी कधी नीट धन्यवाद म्हटलं नाही. म्हणायला गेले की त्या विषय बदलायच्या.

पण एक दिवस मला आठवतो. चमेलीला पिंजऱ्यातून मोठ्या, झाडीच्या कुंपणात सोडलं त्या दिवशी मी मॅडमना मुद्दाम बोलावलं. आम्ही कुंपणाबाहेर उभे होतो. दार उघडलं. चमेली उंबरठ्यावर आली आणि थबकली. डोळे किलकिले करून तिनं समोरचं गवत पाहिलं, दगड पाहिला, उडालेल्या भारद्वाजामागं मान फिरवली. मग आत शिरली. एका वारुळाशी रेंगाळली, पुढं गेली, आणि कुंपणाच्या कडेला असलेल्या उंबराच्या झाडाखाली येऊन उभी राहिली. वर पाहिलं. बराच वेळ वरच पाहत राहिली.

आणि चढायला लागली.

खोडाला मिठी मारून, नख्या रोवत, धापा टाकत. मध्येच घसरली तेव्हा शेषराव "अरे बाप्पा!" म्हणून ओरडलाच. पण तिनं पकड घेतली आणि थेट वरच्या बेचक्यात जाऊन बसली. डोळे न उघडलेलं पिल्लू असताना तिला आईपासून ओढून आणलेलं. झाडावर चढणं म्हणजे काय, हे तिनं कधी पाहिलेलं नव्हतं.

"हे कवा शिकवलं जी तुमी?" शेषरावनं मॅडमना विचारलं.

"मी नाही शिकवलं," मॅडम म्हणाल्या. तोंड वर करून त्या लहान मुलीसारख्या पाहत होत्या. "कुणीच नाही शिकवलं."

वरून उंबरं पडायला लागली. चमेली फांदी ओढून ओढून खात होती, निम्मी सांडत होती. एक कुंपणाच्या अलीकडं आमच्या पायाशी येऊन पडलं. मॅडम कशाबशा वाकल्या, ते उचललं, पदराला पुसलं, फोडून फुंकर मारली. आतली चिलटं उडाली. अर्धं त्यांनी तोंडात टाकलं आणि अर्धं माझ्या तळहातावर ठेवलं.